शिसेविरहित सौरघट : नव्या पदार्थाचा शोध आणि गावाचे हित

सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणे ही गोष्ट मराठवाड्यातील खेड्यांना आता अपरिचित राहिलेली नाही. २०१७ साली सुरू झालेली व २०२३ साली दुसऱ्या टप्प्यात विस्तारलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२४ मधील ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांमुळे सौर पॅनेल, म्हणजे गावच्या बोलीतील ‘सोलर प्लेट’, शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचले आहे. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्याचाच विचार केला, तर सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद ही तेथील पिके आहेत. विहिरीला पाणी असूनही ते रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेवर उपसावे लागते, हा तेथील शेतकऱ्याचा जुना अनुभव. अशा तालुक्यात दर चौरस मीटर जमिनीवर वर्षाच्या सरासरीने दररोज सुमारे ५ युनिट इतकी ऊर्जा सूर्यापासून मिळते. ही ऊर्जा दिवसाच्या विजेत रूपांतरित होणे याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

आज वापरात असलेली पॅनेले बहुतांशी सिलिकॉन या मूलद्रव्याची आहेत. तथापि, जगातील प्रयोगशाळांतून गेली दीड दशके एका नव्या पदार्थाची चर्चा होत असून तो बाजाराच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला आहे. त्याचे नाव पेरोव्हस्काइट. त्याच्या अंगी मोठे गुण आहेत, आणि एक मोठा दोषही आहे. त्याच्या सर्वांत यशस्वी प्रकारात शिसे आहे. हे शिसे काढून टाकता येईल काय, त्याऐवजी काय घालता येईल आणि या संशोधनाचा सेनगावसारख्या शेतीप्रधान तालुक्याशी काय संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पेरोव्हस्काइट म्हणजे काय?

१८३९ साली रशियातील उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचे वर्णन गुस्ताव्ह रोझ या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने केले आणि लेव्ह पेरोव्हस्की या रशियन गृहस्थाचे नाव त्यास दिले. ते खनिज कॅल्शियम, टायटॅनियम व ऑक्सिजन यांचे होते. सौरघटातील पदार्थात यांपैकी एकही मूलद्रव्य असावे लागत नाही. दोहोंत समान आहे ती केवळ कणांची मांडणी. त्या मांडणीलाच आज पेरोव्हस्काइट असे म्हटले जाते.

ही मांडणी शिक्षकांना फळ्यावर सहज दाखविता येईल. एक चौरस खोका डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या आठ कोपऱ्यांवर एका जातीचे कण, अगदी मध्यभागी दुसऱ्या जातीचा एक कण आणि सहा बाजूंच्या मध्यबिंदूंवर तिसऱ्या जातीचे कण बसविले की पेरोव्हस्काइटचे घर तयार होते. सौरघटात कोपऱ्यांवर सीझियम किंवा मेथिलअमोनियमसारखे सेंद्रिय कण असतात. बाजूंवर आयोडीन वा ब्रोमीन असते. मधल्या मानाच्या जागेवर शिसे बसलेले असते. प्रकाश शोषून घेणे आणि सुटलेल्या विद्युत्कणांना वाट करून देणे ही कामे मुख्यत्वे या मधल्या कणाच्या व त्याच्या सहा शेजाऱ्यांच्या जोरावर होतात.

१९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट तयार झाला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आजच्या पातळीस येण्यास सिलिकॉनला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. पेरोव्हस्काइटची वाटचाल याहून फार वेगवान आहे. २००९ साली जपानमधील त्सुतोमु मियासाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी बनविलेला घट पडलेल्या प्रकाशापैकी केवळ ३.८ टक्के ऊर्जेची वीज करीत असे. २०१२ साली दक्षिण कोरिया व ब्रिटन येथील संशोधकांनी ही मजल १० टक्क्यांच्या आसपास नेली. आज प्रयोगशाळेतील लहान घटांची कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या वर गेली आहे, म्हणजे ती उत्तम सिलिकॉन घटाच्या जवळ येऊन पोहोचली आहे.

कार्यक्षमतेइतकीच महत्त्वाची आहे ती बनविण्याची सुलभता. सिलिकॉन वितळविण्यास १,४१४ अंश सेल्सिअस तापमान लागते. पेरोव्हस्काइटचा थर द्रावणातून काचेवर पसरून १०० ते १५० अंशांवर भाजला तरी तयार होतो. या थराची जाडी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते.

सिलिकॉनच्या घटावर पेरोव्हस्काइटचा घट ठेवून ‘जोडघट’ही तयार करता येतो. वरचा घट निळा-हिरवा प्रकाश घेतो आणि खालचा घट तांबडा व अवरक्त प्रकाश घेतो. अशा जोडघटांनी प्रयोगशाळेत ३४ टक्क्यांची मर्यादा ओलांडली आहे. पवई येथील आय.आय.टी. मुंबईत २०१० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्रात या विषयावर काम चालते. प्रा. दिनेश काब्रा यांच्या गटाने २०२३ साली २६ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेचा जोडघट सिद्ध करून दाखविला. २०२४ साली ‘ऑक्सफर्ड पीव्ही’ या कंपनीने अशी पॅनेले अमेरिकेतील एका वीज प्रकल्पास व्यापारी तत्त्वावर पाठविली. हा पदार्थ आता केवळ प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही, हे यावरून ध्यानात यावे.

शिसे किती आणि चिंता कशाची?

शिसे हा माणसाचा जुना सोबती आहे. छापखान्यातील खिळे शिशाचे असत. वाहनांच्या व इन्व्हर्टरच्या बॅटरीत आजही ते असते. ज्या लेखणीस आपण शिसपेन म्हणतो, तिच्यात मात्र शिसे नसून ग्राफाइट असते. शरीराला शिशाचा कोणताही उपयोग नाही. ते रक्तात उतरते, कॅल्शियमची जागा घेऊन हाडांत साठते आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते. शरीरातील शिशाची अमुक एक पातळी निर्धोक आहे असे सांगता येत नाही, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निष्कर्ष आहे.

आता हिशोब पाहू. शिसेयुक्त पेरोव्हस्काइटच्या वर सांगितलेल्या पातळ थरात दर चौरस मीटरला सुमारे ०.७ ग्रॅम शिसे असते. ५ अश्वशक्तीच्या सौरपंपाला साधारणपणे २४ चौरस मीटर क्षेत्रफळाची पॅनेले लागतात असे धरल्यास एकूण शिसे सुमारे १७ ग्रॅम भरेल. घरातील इन्व्हर्टरच्या एका मोठ्या बॅटरीत ३० किलोग्रॅमच्या आसपास शिसे असू शकते. त्या मानाने १७ ग्रॅम ही मात्रा नगण्य वाटेल.

परंतु केवळ वजनावरून निर्णय करता येत नाही. बॅटरीतील शिसे जाड पेटीत बंद असते आणि भंगारात त्याला किंमत येत असल्याने ते बहुधा परत जाते. पेरोव्हस्काइटमधील शिसे पाण्यात विरघळू शकणाऱ्या क्षाराच्या रूपात असते आणि ते उघड्या शेतात पातळ थरात पसरलेले असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे असू नये. या मापाने १७ ग्रॅम शिसे १७ लाख लिटर पाण्याला मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे आहे. २० फूट व्यासाच्या विहिरीत १० मीटर पाणी असेल, तर असे पाणी सहा विहिरींचे झाले. सर्व पॅनेले फुटून सर्व शिसे एकाच वेळी विहिरीत उतरेल असे प्रत्यक्षात होत नाही. पॅनेलची काच व आवरण त्याला अडविते आणि मातीही बरेचसे शिसे धरून ठेवते. तथापि, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट ज्या मराठवाड्याने पाहिली आहे, तेथे काच कधी फुटणारच नाही असे गृहीत धरून चालणार नाही.

मातीने शिसे धरून ठेवले तरी प्रश्न संपत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पेरोव्हस्काइटमधील शिसे मिसळलेल्या मातीत पुदिन्याची रोपे वाढविण्यात आली. हे शिसे, मानवी व्यवहारांमुळे मातीत आधीच असलेल्या शिशापेक्षा सुमारे दहापट अधिक सहजतेने वनस्पतीत शिरते, असे त्यात आढळून आले.

हिंगोली जिल्ह्याच्या दृष्टीने या निष्कर्षाला विशेष अर्थ आहे. हा हळदीचा जिल्हा आहे. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून सेनगावच्या शेतकऱ्याचाही या पिकावर भरवसा आहे. हळदीचे कंद मातीतच वाढतात आणि जगाच्या बाजारात हळद घेताना शिशाची तपासणी होते. बांगलादेशात हळकुंडांना पिवळी झळाळी आणण्यासाठी शिशाचा क्रोमेट हा रंग चोळला जात असल्याचे २०१९ साली संशोधकांनी उघडकीस आणले. त्या वर्षी तेथील बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले होते. जनजागृती व कठोर अंमलबजावणीमुळे २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. तो भेसळीचा प्रकार होता आणि त्याचा सौरऊर्जेशी संबंध नव्हता. परंतु शिशाचा नुसता संशय आला तरी पिकाचे नाव कसे धोक्यात येते, हे त्यावरून दिसून येते. म्हणूनच एकाच शिवारात सूर्याची वीज आणि हळदीचे पीक ही दोन्ही सुखाने नांदावीत, यासाठी शिशाचा प्रश्न पॅनेल शेतात येण्याआधीच सुटणे इष्ट आहे.

शिशाची जागा कोण घेणार?

शिशाच्या जागी दुसरे मूलद्रव्य बसविण्याचे प्रयत्न मुख्यतः तीन दिशांनी चालू आहेत.

पहिली दिशा कथिलाची. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करण्यासाठी वापरला जाणारा हा धातू आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. रसायनशास्त्राच्या कोष्टकात तो शिशाच्या थेट वरच्या घरात बसतो, त्यामुळे दोघांचा स्वभाव बराचसा जुळतो. सूर्यप्रकाश शोषण्याच्या बाबतीत कथिलाचे पेरोव्हस्काइट शिशापेक्षाही आदर्शाच्या जवळ जाते. २०१४ साली ऑक्सफर्ड व अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ येथे कथिलाचे पहिले घट तयार झाले, त्यांची कार्यक्षमता ६ टक्क्यांच्या आसपास होती. आज ती १५ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. अडचण आहे ती हवेची. पेरोव्हस्काइटमध्ये कथिलाने दोन विद्युत्कण देऊन थांबावयाचे असते. हवेतील ऑक्सिजन लागताच ते आणखी दोन देऊन मोकळे होते, आणि लोखंड गंजावे तसा सगळा थर निकामी होतो. द्रावणात कथिलाचे फ्लोराइड मिसळून हा बिघाड लांबविता येतो, पण शेतात पंचवीस वर्षे टिकेल असा घट अद्याप तयार झालेला नाही. जर्मेनियम हा याच कुळातील आणखी एक धातुसदृश पदार्थ आहे. परंतु तो महाग आहे आणि हवेपुढे कथिलाहूनही दुबळा ठरतो.

दुसरी दिशा बिस्मथ व अँटिमनी यांची. बिस्मथ हा कोष्टकात शिशाचा अगदी लगतचा शेजारी असूनही त्याच्यापेक्षा कितीतरी निरुपद्रवी आहे. पोटाच्या विकारांवरील काही औषधांत तो वापरला जातो. त्याचे घट हवेतही टिकतात. परंतु शिशाचे दोन भार असतात आणि बिस्मथ वा अँटिमनीचे तीन, त्यामुळे वर वर्णिलेला खोका पुरा जुळत नाही. रचना चोहोबाजूंनी जोडली जाण्याऐवजी तुटक थरांची होते आणि विद्युत्कणांची वाट मध्येच खुंटते. अशा घटांची कार्यक्षमता अजून थोड्या टक्क्यांतच घुटमळत आहे. पुणे येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे ‘आयसर’मध्ये, प्रा. अंगशुमन नाग यांच्या गटाने अँटिमनीच्या आयोडाइडांचे अतिसूक्ष्म शिसेविरहित स्फटिक तयार करून त्यांच्या प्रकाशगुणांचा अभ्यास केला आहे. शिसेविरहित पेरोव्हस्काइटचे मूलभूत संशोधन आपल्याच राज्यात होत आहे, ही समाधानाची बाब होय.

तिसरी दिशा ‘दुहेरी पेरोव्हस्काइट’ची. हिची कल्पना साध्या बेरजेवर उभी आहे. शिशाच्या दोन कणांचे भार दोन अधिक दोन, म्हणजे चार. चांदीचा एक कण एक भाराचा आणि बिस्मथचा एक कण तीन भारांचा, त्यांची बेरीजही चारच. म्हणून शिशाच्या दोन जागांवर आळीपाळीने चांदी व बिस्मथ बसविले की खोका पुन्हा नीट उभा राहतो. सीझियम, चांदी, बिस्मथ व ब्रोमीन यांचा असा पदार्थ २०१६ साली पुढे आला. तो उष्णतेस व दमटपणास चांगला तोंड देतो. पण तो प्रामुख्याने जांभळा व निळा प्रकाश शोषतो आणि उरलेला प्रकाश वाया जातो. त्याची कार्यक्षमता बराच काळ ३ टक्क्यांच्या आसपास राहिली. २०२२ साली हायड्रोजनच्या प्रक्रियेने ती ६ टक्क्यांच्या वर नेण्यात आली. उघड्या शेतातील विजेसाठी हे प्रमाण अपुरे असले, तरी एल.ई.डी. दिव्यांच्या प्रकाशावर चालणारी लहान उपकरणे व प्रकाशमापक यांसाठी असे पदार्थ उपयोगी पडू शकतील.

आजची स्थिती थोडक्यात अशी : शिशाचे घट २६ टक्क्यांवर, कथिलाचे १५ च्या पुढे, बाकीचे एक आकडी.

‘शिसेविरहित’ म्हणजे ‘निर्विष’ नव्हे

या ठिकाणी एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. २०१६ साली बेल्जियममधील संशोधकांनी शिसे व कथील यांच्या आयोडाइडांचा झेब्राफिश या लहान माशाच्या गर्भांवर होणारा परिणाम तपासला. कथिलाच्या आयोडाइडने पाणी इतके आम्लधर्मी केले की अधिक गर्भ त्यानेच दगावले. अर्थात कथील शिशाप्रमाणे शरीरात पिढीभर साठून राहत नाही. तरीही पदार्थाचे नाव बदलले म्हणजे धोका संपला असे समजण्याचे कारण नाही. प्रत्येक नव्या पदार्थाची पाण्यात, मातीत व सजीवांत स्वतंत्रपणे परीक्षा व्हावयास हवी.

याच कारणाने काही संशोधक दुसऱ्या बाजूनेही प्रयत्न करीत आहेत. शिसे ठेवावे, पण ते बाहेर पडू देऊ नये, असा त्यांचा विचार आहे. काचेच्या आत शिशाला घट्ट धरून ठेवणारे रासायनिक थर बसविणे आणि जुन्या पॅनेलमधील शिसे काढून पुन्हा वापरणे हे उपाय त्यासाठी सुचविले गेले आहेत. कोणता मार्ग यशस्वी होईल हे आज ठरलेले नाही. दमटपणा व उष्णता यांपुढे पेरोव्हस्काइटचा टिकाऊपणा हाही प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही. मराठवाड्यातील उन्हाळा आणि पावसाळा हे दोन्ही त्याचे खडतर परीक्षक ठरतील.

गावाने काय करावे?

प्रयोगशाळेतील हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या बैठकीत कशासाठी आणावयाचा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर इतिहासात आहे. १९२३ साली अमेरिकेत शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. भारतात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू होण्यास २००० साल उजाडले आणि जगातून शिसेयुक्त पेट्रोल पूर्णपणे जाण्यास २०२१ साल उजाडले. एकदा कारखाने उभे राहिले आणि वस्तू घरोघर पोहोचली की शिसे मागे घेण्यास पिढ्या लागतात. सौरघटाच्या बाबतीत हा प्रश्न वेळीच विचारण्याची संधी आपल्याला मिळाली आहे.

सर्वप्रथम हे स्पष्ट असावे की, आज शेतात बसलेली सिलिकॉनची पॅनेले भीतीचा विषय नाहीत. त्यांच्यात शिसे असलेच, तर ते जोडणीच्या डाकात अल्प प्रमाणात असते आणि काचेच्या आत बंद असते. मात्र फुटलेले पॅनेल उकिरड्यावर, ओढ्यात वा नदीपात्रात टाकू नये. ते जाळू नये आणि तोडफोडीसाठी भंगारवाल्याच्या हवाली करू नये. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत सौर पॅनेलांचा समावेश असून, त्यांपासून होणाऱ्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. २०२२ सालच्याच बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्यांबाबत तशीच व्यवस्था केली आहे. गावातील शिशाचा मोठा साठा आज पॅनेलांत नसून बॅटऱ्यांत आहे. त्या घराच्या अंगणात न फोडता अधिकृत संकलकाकडे जातील एवढे पाहिले, तरी मोठे काम होईल.

गावातील पॅनेलांची संख्या, बसविल्याचे वर्ष आणि पुरवठादार यांची नोंद ग्रामपंचायतीने एका वहीत ठेवावी. पुढे नव्या प्रकारची पॅनेले येऊ लागतील, तेव्हा ग्रामसभेत तीन प्रश्न अवश्य विचारावेत. यात शिसे आहे काय व असल्यास किती? ८५ अंश उष्णता व ८५ टक्के आर्द्रता यांत १,००० तास ठेवण्याची आंतरराष्ट्रीय चाचणी हे पॅनेल उत्तीर्ण झाले आहे काय? आणि फुटल्यास अथवा आयुष्य संपल्यास ते परत कोण नेणार? या प्रश्नांची लेखी उत्तरे घेण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही.

शाळांतूनही हा विषय सहज शिकविता येईल. मातीचे गोळे व काड्या यांचा खोका करून पेरोव्हस्काइटची रचना दाखविता येईल. दोन अधिक दोन आणि एक अधिक तीन यांच्या बेरजेतून दुहेरी पेरोव्हस्काइटची युक्ती सातवीच्या मुलालाही समजेल. ज्या मुलांच्या आरोग्यासाठी शिसे टाळावयाचे, त्यांना ते का टाळावयाचे हे ठाऊक असणे केव्हाही चांगले.

सौरऊर्जेने शेतकऱ्याची रात्रीची फेरी वाचविली आहे आणि नव्या पदार्थामुळे ही वीज आणखी स्वस्त होण्याची शक्यता आहे. तिचे स्वागत करावे, पण डोळसपणे. शिशाविना चालणारा सौरघट आज अपूर्ण असला, तरी ग्राहकाची मागणी स्पष्ट असेल तर संशोधनालाही तशी दिशा मिळते. या वस्तूचा ग्राहक उद्या सेनगावचा शेतकरी असणार आहे. ज्या जमिनीवर पॅनेल उभे राहावयाचे, तिच्यातच हळद पिकते, हे ध्यानी ठेवून त्याने आपला प्रश्न आजच विचारावा.